आप्पांचा ठिपका

यवतला हायवेच्या कडेला माझं दुकान आहे. पाटीवर कॉम्प्युटर, मोबाईल, सीसीटीव्ही असं सगळं लिहिलेलं आहे, पण निम्मी गिऱ्हाइकं एकच तक्रार घेऊन येतात. "फोन लय स्लो झालाय, बघा बरं जरा." मी बघतो. आत फुलांची, देवांची आणि शुभ सकाळची चित्रं ठासून भरलेली असतात. ती पुसायला लागलो की माणूस कळवळतो, जणू मी त्याचे पाहुणेरावळे घरातून हाकलतोय. मग मी चिडतो. दुकानदार तोंडाचा फटकळ आहे पण हाताला गुण आहे, असं माझ्याबद्दल बाजारात बोललं जातं, आणि त्यातलं पहिलं तरी शंभर टक्के खरं आहे.

माझी काही मतं आहेत आणि ती मी कुणी न विचारता सांगतो. चालत्या मशीनला उगाच अपडेट पाजू नये. पोराच्या वाढदिवसाचा पासवर्ड ठेवू नये, कारण वाढदिवसाचा फ्लेक्स तुम्हीच चौकात लावलेला असतो. प्रिंटर विकत घेऊ नये, शेजाऱ्याचा वापरावा. जिथे वायर ओढता येते तिथे हवेच्या भरवशावर राहू नये. यातली बरीचशी मतं मी एका ऑस्ट्रेलियन माणसाकडून उचलली आहेत, त्याच्याबद्दल पुढे सांगतोच.

एक मत मात्र मी आता कुणाला सांगत नाही. आपल्या माणसाची खुशाली विचारत बसायची गरजच काय, ती आपल्याला आपोआप दिसली पाहिजे, असं मी छाती ठोकून म्हणायचो. त्या मतापायी माझे वडील, आप्पा, थंडीच्या दिवसांत एक अख्खी रात्र कॅनॉलच्या उतारावर पडून राहिले आणि मला इकडे यवतमध्ये ते घरी दिसत होते.

आमचं गाव कवठे येमाई. आम्ही मेंढरांची माणसं. माझ्या लहानपणी दिवाळी झाली की आप्पा मेंढरं घेऊन घाटाच्या बाजूला निघायचे, ते पावसाच्या तोंडावर माघारी यायचे. मधल्या महिन्यांत ते कुठे आहेत हे आम्हाला कळायचं नाही. कधीतरी बाजारात कुणी भेटायचा आणि आईला सांगायचा, "तुमचा माणूस बरा हाय. ओतूरच्या अंगाला कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवल्याती." तो निरोप पंधरा-पंधरा दिवसांचा शिळा असायचा. आईला तो चालायचा. त्या दिवशी ती भाकरीबरोबर आणखी काहीतरी करायची.

पुढे मी शिकलो, शिरूरजवळच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या कामाला लागलो आणि पहिल्या पगारात आप्पांना बटणांचा फोन घेऊन दिला. तेव्हा बोलायला मिनिटाचे पैसे पडत. त्यामुळे आप्पांनीच कायदा करून टाकला. दिवस मावळताना मेंढरं जाळीत कोंडली की ते एक रिंग द्यायचे आणि कट करायचे. एक मिस कॉल म्हणजे मी बरा आहे, मेंढरं बरी आहेत. लागोपाठ दोन म्हणजे सवडीनं ये. तीनची वेळ आमच्यावर कधी आली नाही, त्यामुळे तीनचा अर्थ आम्ही ठरवलाच नव्हता.

त्या एका रिंगसाठी तो माणूस काय काय करायचा! कुठल्यातरी गावात न्हाव्याच्या दुकानात फोन चार्जिंगला लावायचा, तो पुरता चार्ज होईपर्यंत तिथेच बसायचं. रेंजसाठी टेकाड चढायचं. कधी रिंग यायला अंधार पडायचा, पण यायची. लग्नानंतर माझ्या बायकोलाही त्याची सवय लागली. आम्ही चहा घेत असायचो, फोन एकदा वाजून थांबायचा आणि ती फोनकडे न बघताच म्हणायची, "बसली मेंढरं." मग आमची संध्याकाळ सुरू व्हायची.

एकदा मी तो फोन चुकून उचलला.

"हॅलो, आप्पा?"

पलीकडून एकदम गर्जना. "उचललास कशाला?"

"चुकून लागला हात."

"आरं मग पैसं गेलं की! ठिव, ठिव."

मी ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा एक रिंग आली आणि कट झाली. नियमातला मिस कॉल राहिला होता, तो त्यांनी देऊन टाकला. मी आणि बायको किती वेळ हसत होतो.

कारखान्यात असताना तो ऑस्ट्रेलियन साहेब आला. पॅकिंगची नवी मशीन बसवायची होती, त्यासाठी काही महिने राहिला. मान उन्हानं लाल झालेली, खिशात नेहमी एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. माझं इंग्रजी शिरूरचं आणि त्याचं त्याच्या मुलखाचं, त्यामुळे पहिला आठवडा आम्ही हातवाऱ्यांवरच काढला. पण यंत्रांवर जीव टाकणाऱ्या दोन माणसांना बोलायला भाषा फार लागत नाही. कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता तो त्याची मतं सांगायचा. आमच्या ऑफिसातला वायफायचा डबा बघून त्यानं कपाळाला हात लावला होता. बॅकअप न घेणाऱ्या माणसाची त्याला दया येत नसे. तारेवरचा जुना टेलिफोन बंद करणारे लोक त्याला मूर्ख वाटायचे, कारण लाईट गेली तरी तो चालायचा. मला हे सगळं ऐकताना गुरू भेटल्यासारखं व्हायचं.

त्याची म्हातारी आई तिकडे एकटी राहायची, जवळच्या गावापासून बरीच लांब. साहेबानं तिच्या चहाच्या किटलीच्या प्लगला एक छोटं यंत्र लावलेलं होतं. किटली चालू झाली की त्याच्या फोनवर खूण यायची. रोज कॅन्टीनमध्ये तो फोन बघायचा आणि मला सांगायचा, आईनं चहा केला. हजारो मैलांवरची म्हातारी चहा पितेय आणि तिच्या पोराला शिरूरमध्ये कळतंय! मी भारावून गेलो. त्यापुढे आमचा मिस कॉल मला अगदीच गावंढळ वाटायला लागला. साहेब आईला दर रविवारी फोन करून तासभर बोलतो, हेही मला ठाऊक होतं. पण माझं लक्ष किटलीवर होतं.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्याला मेंढरं दाखवायला वस्तीवर नेलं. आप्पा तेव्हा गावाकडेच होते. साहेब सरळ कळपात शिरला, एका मेंढीचं तोंड उघडून दात बघितले, पाठीवरची लोकर बोटांनी फाकवली. त्याच्या आजोबांची मेंढरं होती म्हणे. आप्पा बाजूला उभे राहून बघत होते.

"ह्याला मेंढरं कळत्यात," ते मला म्हणाले. "मग हा हितं मशिनी कशाला नीट करत फिरतोय?"

मी ते साहेबाला सांगितलं. तो हसला, पण थोडा उशिरा हसला. मग त्यानं फोनवर फोटो दाखवला, तिकडच्या एका मेंढीच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्यात यंत्र. ती कुठे आहे ते धन्याला घरबसल्या दिसतं, असं मी आप्पांना समजावलं.

आप्पांनी फोटो निरखून बघितला. "आन् धनी घरी बसून काय करतो?"

जाताना आप्पांनी साहेबाच्या हातात घोंगडी दिली आणि तो ती खांद्यावर टाकून माझ्या मोटरसायकलवर मागे बसला. कवठ्याच्या स्टँडवर अजून लोक ती गोष्ट सांगतात.

पुढे मी नोकरी सोडली. सासुरवाडी राहूची, त्यामुळे यवत जवळचं वाटलं आणि तिथे दुकान टाकलं. आई गेली. आप्पांचे गुडघे गेले, त्यांनी कळप विकून टाकला आणि अकरा मेंढरं तेवढी ठेवली. मी त्यांना यवतला आणायचा प्रयत्न केला. आठ दिवस राहिले. हायवेच्या गाड्या मोजून कंटाळले आणि म्हणाले, "हितं समदी कुठंतरी चाललीयात, मला बी जाऊ दे." मग ते वस्तीवर एकटेच राहिले. हाकेच्या अंतरावर त्यांच्याबरोबर मेंढरं राखलेल्या एका मामांचं घर होतं, तेवढाच मला आधार. आणि दिवस मावळताना एक रिंग.

मग बोलणं फुकट झालं. एकदा रिचार्ज मारला की कितीही बोला. माझ्यासारख्या माणसाला हे म्हणजे सणच. मी आप्पांना सांगितलं, "आप्पा, आता मिस कॉल कशाला? आता बोलायला काय पडत न्हाई. पायजे तेवढं बोला."

"काय बोलायचं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी खरोखर विचारला होता. मी तो हसण्यावारी नेला आणि दुसऱ्या दिवसापासून पहिल्याच रिंगला फोन उचलायला लागलो.

"बोला आप्पा."

"हां. मी हाय."

"जेवला का?"

"न्हाई अजून."

"मेंढरं?"

"हायती."

मग मी इकडे स्क्रू फिरवत असायचो, तिकडे त्यांचा श्वास ऐकू यायचा. शेवटी ते म्हणायचे, "मग ठिवू का?" जणू परवानगी मागतायत. ज्या माणसानं सगळी हयात मेंढरांशी बोलण्यात घालवली, त्याला मी रोज संध्याकाळी परीक्षेला बसवत होतो. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की फोन रोजच्या रोज येईनासा झाला. एक दिवसाआड, मग दोन दिवसांनी. मी विचारलं की म्हणायचे, "काय नवं नव्हतं सांगाया."

यावर मी जो उपाय काढला तो म्हणजे आणखी महागाचा फोन. मोठ्या स्क्रीनचा घेतला, त्यांना व्हिडिओ कॉल लावायला शिकवला. त्यांनी तो उचलला आणि सवयीनं कानाला लावला. त्यामुळे मला माझ्या बापाचा चेहरा कधी दिसलाच नाही, रोज कान दिसायचा. पांढरे केस, कानातली सोन्याची बाळी आणि मागे पत्र्याचं छप्पर. "आप्पा, फोन तोंडासमोर धरा!" मी ओरडायचो. ते तोंडासमोर धरायचे, घाबरून एकदा बघायचे आणि पुन्हा कानाला लावायचे. गिऱ्हाइकांना तो कान दाखवून मी हसवलंसुद्धा आहे.

आणि मग मला साहेबाची किटली आठवली. मी वस्तीवर गेलो, आप्पांच्या फोनमध्ये सगळी जुळणी केली आणि माझ्या फोनवर नकाशा उघडला. कवठ्याच्या बाहेर, कॅनॉलच्या अलीकडे, आमच्या वस्तीवर एक निळा ठिपका. शेजारी त्यांच्या फोनची बॅटरी किती शिल्लक आहे तेही दिसत होतं. मी त्यांना दाखवलं.

"हे तुम्ही. आता मिस कॉल बी नको आन् बोलायला बी नको. तुम्ही कुठं हाय ते मला तिकडं बसून दिसतंय."

त्यांनी त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघितलं. "म्हंजी मी न सांगता तुला कळंल?"

"कळंल."

"मग बरं झालं," ते म्हणाले.

त्या 'बरं झालं'चा मी मला सोयीचा अर्थ घेतला. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असं मला वाटलं. उतरलंही असेल. पण दिवसाकाठी माझ्यासाठी करायचं त्यांच्याकडे ते एवढंच एक काम होतं, आणि ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं. पहिले काही दिवस बायको संध्याकाळी विचारायची, "आज मेंढरं बसली नाहीत का?" मी तिला ठिपका दाखवायचो. मग तिनंही विचारणं सोडून दिलं.

दिसायला लागलं की माणूस बघत बसतो. मी तासातासाला बघायचो. आमच्या भागात आता उसामुळे बिबट्या वाढलाय. शेरडं-मेंढरं नेतो, माणसांवरही जातो. आणि आप्पांचा ठिपका दुपारनंतर हमखास नदीकडच्या उसाच्या कडेनं फिरत असायचा. तिथे गवत चांगलं. मी दुकानातून फोन करायचो.

"आप्पा, नदीकडं काय करताय?"

"तुला कसं कळलं?"

"दिसतंय मला. माघारी फिरा."

"आरं, मेंढरं चरत्यात."

"चरू द्या म्हणून बिबट्याच्या तोंडात जाता का?"

असं चार-पाच वेळा झालं. एकदा तर मी फारच बोललो. दुकानात गर्दी होती, एका फोनचा डिस्प्ले माझ्या हातून फुटला होता, डोकं फिरलेलं होतं, आणि ठिपका कॅनॉल ओलांडून पार पलीकडे गेलेला. मी चारचौघांत ओरडलो, "या वयात तुम्हाला कळत न्हाई का? उद्या काय झालं तर लोकं माझ्या तोंडात शेण घालतील! घरी बसा म्हणतोय तर घरी बसा!"

ते नुसतं "बरं" म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवसापासून ठिपका घरीच राहिला. सकाळी घरी, दुपारी घरी, संध्याकाळी घरी. मी बायकोला सांगितलं, "बघ, आप्पांनी ऐकलं. मेंढरं मामांच्या कळपात सोडत असतील." ती म्हणाली, "एकदा विचारा तरी." मी म्हणालो, विचारायचं काय, दिसतंय की. मला खरंच फार बरं वाटत होतं. फोन करायचंही मी कमी केलं, कारण ओरडायला कारणच उरलं नव्हतं, आणि आमचं दोघांचं बोलणं आता तेवढ्यावरच येऊन ठेपलं होतं.

त्या संध्याकाळी राहूचे एक बागायतदार दुकानात आले होते. त्यांची आई मळ्यात एकटी राहते, तिच्यासाठी कॅमेरा बसवावा की कसं, असा त्यांचा विचार चालला होता. मी म्हणालो, कॅमेरा कशाला, मी तुम्हाला साधी युक्ती दाखवतो. खिशातून फोन काढला आणि नकाशा उघडला.

"हे माझे वडील. कवठे येमाई. इथून अडीच तासांची वाट. हे बघा, घरी आहेत. बॅटरी शंभर टक्के."

बागायतदार खूश झाले. मलाही अभिमान वाटला. बाहेर दिवस मावळत होता. त्याच सुमारास आप्पा कॅनॉलच्या उतारावर पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो तेव्हा फोन वाजला. स्क्रीनवर 'आप्पा' असं नाव. मी बायकोला हाक मारून सांगितलं, "आप्पांचा फोन! स्वतःहून केलाय." आणि हसतच उचलला. आवाज मामांचा होता.

"आरं, तुझा बाप कॅनॉलला पडलाय. जित्ता हाय. लवकर ये."

मेंढरं एकटीच घरी आली होती. सकाळी मामांना ती जाळीच्या बाहेर उभी दिसली. तशीच, कोंडायला कुणी नसल्यासारखी. म्हणून ते आप्पांना शोधत निघाले. मेंढरांना बाभळीच्या शेंगा पाडताना आप्पांचा पाय घसरला होता आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. रात्रभर त्यांनी हाका मारल्या. ऊस मध्ये होता, मामांना ऐकायला कमी येतं. घरात त्यांचा फोन देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर चार्जिंगला लावलेला होता. मामांनी त्याच फोनवरून मला फोन केला.

मी न्हावऱ्यावरून गाडी कशी हाकली ते मला आठवत नाही. शिरूरला पोचलो तेव्हा त्यांना दवाखान्यात आणलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाडाचं काही वाटत नाही, पण थंडी छातीत गेली आहे आणि फार वेळ गेला आहे. फार वेळ गेला, हे ते दोनदा म्हणाले. चौथ्या दिवशी आप्पा गेले.

मी यंत्रांचा माणूस आहे, त्यामुळे चूक कुठे झाली ते शोधल्याशिवाय मला राहवत नाही. फार शोधावं लागलं नाही. मिस कॉल चालू असता तर त्या संध्याकाळी तो आला नसता. न आलेला मिस कॉल मला लगेच कळला असता. बायकोनं विचारलं असतं, मेंढरं बसली नाहीत का, आणि मी कवठ्यातून कुणाला तरी मामांकडे पाठवलं असतं. एवढी वर्षं आमच्याकडे बिनचूक चालणारी गोष्ट होती. ती चालायला रोज एका माणसाला आठवण ठेवावी लागायची, आणि मला तोच तिच्यातला दोष वाटला. ठिपक्याला आठवण ठेवावी लागत नाही. चार्जिंग असलं की तो आपला दिसत राहतो, माणूस असो वा नसो.

साहेबाला मी अजून कळवलेलं नाही. कधीतरी त्याची मेल येते, आप्पांना आणि मेंढरांना नमस्कार असतो. मी उत्तर लिहायला घेतो आणि दुकानातलं काहीतरी काम काढतो. बागायतदारांच्या आईचा ठिपकाही मी बसवून दिला. ते पुन्हा आले, पैसे द्यायला लागले, मी घेतले नाहीत. रोज एकदा आवाज ऐकत जा, एवढं म्हणालो. ते म्हणाले, "आता काय गरज आहे?" मी वाद घातला नाही. वाद घालायला तोंड कुठे होतं?

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे ते दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवसाचं.

दुपारची वेळ होती. मामा बाहेर बाकावर डुलक्या घेत होते. आप्पांना जरा हुशारी वाटत होती, ओठ ओले केल्यावर त्यांनी मेंढरांची चौकशी केली. मामांकडे आहेत म्हटल्यावर डोळे मिटून पडून राहिले. माझ्या मनात कालपासून एकच प्रश्न घुमत होता. विचारू नये असं कळत होतं, तरी मी विचारला, आणि माझा आवाज नेहमीसारखाच दमदाटीचा निघाला. त्याची मला आजही लाज वाटते.

"आप्पा, फोन संगं का न्हाई नेला?"

"घरी ठिवून जात व्हतो."

"रोज?"

"रोज." त्यांना दम लागत होता. थांबून थांबून बोलत होते. "रानात दिसलो की तू वरडायचास. तुझ्या मागं दुकान, गिऱ्हाईकं, किती ताप. म्हटलं, आपल्याला तर रानात गेल्याबिगर जमायचं न्हाई. मग फोन ऱ्हाऊ दे घरी. चार्जिंगला लावायचा आन् जायचं. पोराला बाप घरी दिसला की झालं."

मी त्यांचा हात धरला. तो खरखरीत हात मी लहानपणानंतर पहिल्यांदाच धरला असेन.

त्यांनी डोळे उघडले. एखादं काम नीट झालं की नाही हे विचारावं तसं त्यांनी विचारलं, "दिसत व्हतो न्हवं घरी?"

"दिसत होता, आप्पा."

"परवा बी?"

"परवा बी दिसला."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर समाधान होतं, खरंखुरं. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून बघत होतो.

"मग तुला घोर न्हाई लागला," ते म्हणाले.

"न्हाई लागला," मी म्हणालो. आणि ते अगदी खरं होतं.